याननांग माईचा रुसवा

बान नासाक, नान
सोंगक्रानचा सण पंधरवड्यावर आला आहे

पूज्य लुआंगपींच्या चरणी,

धाकटा भाऊ इन्सोन जमिनीला तीनदा कपाळ टेकवून हे पत्र लिहायला बसला आहे. (खरंच टेकवलं. तिसऱ्या वेळी आईने आतून विचारलं, खाली काय सांडलंय म्हणून शोधतोयस.) ज्या माणसाने लहानपणी माझ्या डोक्यात पाना हाणला, त्याला आता लुआंगपी, पूज्य थोरले, असं म्हणायचं हे माझ्या जिभेला अजून नीट वळत नाही, पण तुम्ही चीवर घेतल्यापासून मी प्रयत्नात कसूर केलेली नाही. आपली प्रकृती कशी आहे? डावा गुडघा ध्यानाला बसू देतो का? विहारातल्या कुत्र्यांची खरूज बरी झाली का? दिवसातून एकदाच जेवून तुमचं कसं भागतं हे आईला अजून उमगलेलं नाही. रोज दिवस कलला की ती म्हणते, आता त्याला भूक लागली असेल, आणि तुमच्या वाटचा चिकट भात माझ्या पानात टाकते. तुमच्या वैराग्यामुळे माझी विजार दोनदा उसवून सैल करावी लागली, हे सहज कळवतो.

इकडे सगळे खुशाल आहेत. पपईला फळं लगडली आहेत, विहिरीत पाणी आहे, आईचा मोगरा यंदा एवढा फुलला आहे की शेजारपाजारचे ओंजळी भरभरून नेतात. खुशाल नाही ती फक्त व्हॅन. तुमची व्हॅन म्हणायला हवं खरं तर, कारण मी पाच वर्षं चालवत असलो तरी बाजारातले लोक अजून 'थोरल्याची गाडी आली' असंच म्हणतात. तिचं दुखणं काय, ते सविस्तर लिहितो. तुम्ही पूर्वी तिच्या पोटात हात घातलेला आहे, त्यामुळे तुम्हाला कंटाळा येणार नाही. आला तर ध्यान करावं.

सकाळी प्रवासी बसले की मी किल्ली फिरवतो. स्टार्टर झोकात फिरतो, इंजिन पेट घेतं, मागचे लोक पिशव्या मांडीवर घेऊन सावरून बसतात, आणि मी किल्लीवरची बोटं सैल केली की इंजिन खलास. पुन्हा फिरवली, पुन्हा पेटलं, पुन्हा खलास. नुकतं चालायला लागलेलं पोर आईचं बोट सुटलं की बसकण मारतं ना, तसं. मग अर्धा तास विनवण्या केल्यावर ती एकदाची टिकते. ती टिकेपर्यंत जिल्हा रुग्णालयात तपासणीला जाणारी म्हातारी मंडळी पलीकडच्या गल्लीतल्या नोप्पादोनच्या व्हॅनमध्ये जाऊन बसलेली असतात. (नोप्पादोनने गाडीत थंड हवेचं यंत्र बसवलंय. माझ्याकडे खिडक्या आहेत.) आणि गंमत अशी की दुपारी तीच व्हॅन एका फटक्यात सुरू होते, जसं काही सकाळी ती नव्हतीच, तिची जुळी बहीण होती.

आजार झाला की वैद्य गोळा होतात. पुढच्या सीटवर रोज फुआंगमावशी बसते, ती तुम्हाला आठवत असेल, सुक्या माशांचा धंदा करणारी. तिने पहिल्याच दिवशी निदान केलं की पेट्रोलमध्ये पाणी आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या मते बॅटरी म्हातारी झाली होती. तिसऱ्या दिवशी तिने निदान सोडलं आणि गाडीचा नंबर उतरवून घेतला. बंद पडलेल्या गाडीचा नंबर लॉटरीत लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या सोडतीत तिचा शेवटचा एक आकडा चुकला, आणि त्याबद्दल ती आजही माझ्यावर नाराज आहे.

शेवटी गाडी तुईमिस्त्रीकडे नेली. तुई तसा हुशार, पण त्याला दुसऱ्याचं काम दिसलं की राहवत नाही. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं, एक वायर उपसून वर धरली आणि विचारलं, हा जोड कोणी दिलाय? जोड हिरव्या टेपने गुंडाळलेला होता आणि टेपखाली भाजीची प्लास्टिकची पिशवी होती, म्हणजे तो तुमच्या हातचा होता हे मी ओळखलं. मी म्हटलं, आमच्या लुआंगपींनी. तुईने पाना खाली ठेवला, तुमच्या विहाराच्या दिशेला तोंड करून दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले, आणि मग जे काही बोलला ते भिक्खूंना लिहून पाठवण्यासारखं नाही. हात मात्र शेवटपर्यंत जोडलेले होते.

त्याने प्लग बदलले. वेळ दुपारची होती, गाडी अर्थात एका फटक्यात सुरू झाली, आणि तुईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याने मेलेलं माणूस उठवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग कॉइल बदलली. मग अर्थिंगची तार घासली. प्रत्येक वेळी मी गाडी त्याच्याकडे दुपारी नेई, कारण सकाळी ती तिथवर जाऊच शकत नव्हती, आणि प्रत्येक वेळी तो तिला ठणठणीत पाहून मला विचारी, सकाळी तू नक्की जागा असतोस ना. रोग्याला वैद्याच्या दारात बरं वाटावं आणि घरी आला की कण्हायला लागावं, तशी गत. तुईला वाटू लागलं की दोष गाडीत नाही, माझ्यात आहे.

घरात मात्र निदान पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. आई म्हणाली, याननांग माई, गाडीत राहून तिला सांभाळणारी देवी, रुसली आहे.

माझा गाडीच्या माईवर विश्वास आहे का, असं तुईने मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, गाडी चालू असली की नाही, बंद पडली की आहे. त्यामुळे आईला मी काही अडवलं नाही. केळी झाली, उकडलेली अंडी झाली, लाल सरबताची बाटली नळीसकट डॅशबोर्डवर ठेवून झाली. (मुंग्या आल्या. त्या अजून आहेत. प्रवाशांना चावतात.) स्टीअरिंगला तीन रंगांचं नवं कापड बांधलं. आणि हार तर रोज होताच, तुम्ही गाडी चालवत होता तेव्हापासून आहे: मोगऱ्याची गुंफण, खाली रुईच्या फुलांची शेपटी, टोकाला गुलाबाची कळी. मात्र माई रुसल्यापासून हाराची जाडी वाढत गेली. रोज सकाळी गाडी बंद पडायची, आणि रोज संध्याकाळी आई आदल्या दिवसापेक्षा मोठा हार गुंफायला बसायची. रात्रभर तो ओल्या फडक्यात असायचा, आणि पहाटे ती त्याला पाण्याच्या वाडग्यात बुडवून काढायची, कारण या उन्हात फुलं तासाभरात माना टाकतात.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, तीही सांगतो. उपोसथाच्या दिवशी, आई व्रत धरून विहारात जाते त्या दिवशी, गाडी सकाळीसुद्धा निमूट सुरू व्हायची. मी हे आईला सांगितलं, तर तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, बघ, माईसुद्धा उपोसथ पाळते, त्या दिवशी ती कोणावर राग धरत नाही. मला ते इतकं पटलं की मी फुआंगमावशीला सांगितलं, तिने बाजारात सांगितलं, आणि पुढच्या उपोसथाला माझ्या व्हॅनला हात लावून पाया पडायला तिघी बायका आल्या. (प्रवास मात्र नोप्पादोनच्या गाडीने केला.)

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि मी नेतही होतो. पण एके दिवशी मी आईला म्हटलं, चल, तुला गावातल्या विहारापर्यंत सोडतो, तर ती नको म्हणाली. पायी जाईन. मी म्हटलं, एवढ्या उन्हात? तेव्हा ती काठी शोधत शोधत, माझ्याकडे न बघता बोलली.

"मला बघून तिचं डोकं आणखी फिरत असेल रे. ज्याच्या हाताची तिला सवय होती, त्याला मीच जा म्हटलं ना. तू तरी काय करणार त्यात."

लुआंगपी, तुम्ही चीवर मागितलंत तेव्हा सगळ्या गावात आई एकटी हसतमुख होती. मिरवणुकीत तुमचं चीवर तिनेच डोक्यावर धरलं होतं. ते हसू खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या हसण्याच्या पोटात हे एवढं काही आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. ती गेली काठी टेकत, आणि मी अंगणात त्या बंद व्हॅनपाशी उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून व्हॅन दुरुस्त करणं हा धंद्याचा प्रश्न राहिला नाही. नोप्पादोनने सगळे प्रवासी नेले असते तरी चाललं असतं, पण आई उन्हातून पायी जाताना मला बघवत नव्हतं.

मी तुईकडे गेलो आणि म्हटलं, आता तू माझ्याकडे यायचं, सकाळी, कोंबड्यांबरोबर. तो आला, शिव्या देत आला, पण आला. त्याने तपासायचा दिवा कॉइलच्या तारेला लावला आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं. किल्ली स्टार्टवर धरली की दिवा लागायचा, सोडली की विझायचा. तुईने माझ्याकडून तीनदा किल्ली फिरवून घेतली, एकही शिवी न देता. (हे मी प्रथमच पाहिलं.) मग म्हणाला, इंजिनाचा काही दोष नाही. किल्ली पूर्ण फिरवलेली असते तेव्हा करंट एका वाटेने जातो, सोडली की दुसऱ्या वाटेने, आणि ती दुसरी वाट किल्लीच्या मागच्या स्विचमध्येच बंद आहे. मी म्हटलं, मग हे पहिल्या दिवशी का नाही बघितलंस? तो म्हणाला, पहिल्या दिवशी तू दुपारी आलास, तेव्हा ती वाट चालू होती.

त्याने स्टीअरिंगखालचं झाकण खोललं. आत स्विचच्या तोंडावर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज चढला होता, आणि सगळं ओलं होतं. मार्च संपत आलेला, महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही, आणि स्विच ओला. तुईने चिमट्याने आतून काहीतरी उपसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मोगऱ्याची कळी होती. हिरवी पडलेली, तांब्याच्या भांड्याला चढतो तशा हिरव्या रंगाची.

आम्ही दोघेही त्या कळीकडे बघत राहिलो. तुई हसायला लागणार होता, पण माझं तोंड बघून थांबला. मी ती कळी शर्टाच्या खिशात टाकली आणि त्याला म्हटलं, आईला यातलं अक्षर कळता कामा नये. त्याने स्विच साफ केला, आणि जाताना एवढंच म्हणाला की हे पुन्हा होणार, वरून पाणी का पडतंय ते बघ.

मला एकच कळत नव्हतं. हार तर आरशाला लटकतो. तुमच्या वेळेपासून आरशाला लटकतो, वळणावर तो डोळ्यांसमोर झुलायचा आणि तुम्ही मानेने बाजूला सारायचा. मग स्विचवर पाणी येईल कुठून? आणि मग माझ्या ध्यानात आलं की गेले काही महिने मला समोरचा रस्ता फार छान, मोकळा दिसतो आहे. मला ते आवडलंही होतं. का दिसतो, हे मात्र मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी कॉफीचा कप घेऊन पपईमागे उभा राहिलो. आई वाडगा घेऊन आली. तिने उजवीकडचं दार उघडलं, एक हात सीटवर टेकवला, दुसऱ्या हाताने हार उंच केला आणि आरशापर्यंत न्यायला गेली. पोचला नाही. टाचा उचलल्या, तरी पोचला नाही. मग तिने टाचा खाली टेकवल्या, पाठीवर हात ठेवून जरा उभी राहिली आणि तिने इकडे तिकडे बघितलं, चोरी करणाऱ्या पोराने बघावं तसं. कोणी नाही अशी खात्री झाल्यावर तिने हार इंडिकेटरच्या दांडीला अडकवला, किल्लीच्या बरोबर वर, शेपटी नीट केली आणि हात जोडले. हाराचं पाणी टपटप किल्लीच्या भोकात पडत होतं, दुपारच्या उन्हाने वाळेपर्यंत तिथेच राहायला. उपोसथाला सगळी फुलं विहारात जातात, गाडीला हार नसतो, हेही मला तेव्हाच आठवलं. माईचा उपोसथ तो एवढाच.

लुआंगपी, मी रोज तिच्याबरोबर जेवतो. रोज तिच्या हातचं खातो. तिची पाठ एवढी वाकली हे मला एका स्विचमधून कळलं. मी कप हातात धरून तिथेच रडलो, आणि कॉफी पार गार झाली.

आता अडचण तुम्हाला कळलीच असेल. तिला खरं सांगावं, तर ती म्हणेल की म्हणजे मीच गाडी बिघडवत होते, आणि हार करणं सोडून देईल. पहाटे उठायला तिला ते एकच कारण उरलं आहे. सांगू नये, तर ती रोज माईची माफी मागत आणखी ओला, आणखी जाड हार त्या किल्लीवर घालणार, आणि विहारात पायी जाणार. मी डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, तिच्या छातीच्या उंचीला येईल असा एक पितळी हूक बसवून ठेवला आहे. तिने विचारलं तर टोपी अडकवायला आहे असं सांगणार आहे. माझ्याकडे टोपी नाही.

बाकी सर्व ठीक. आपल्या ध्यानधारणेत या पत्राने व्यत्यय आला असल्यास क्षमा असावी. व्यत्यय आलाच असेल तर निदान नीट यावा, म्हणून एवढं लांबवलं.

आपला आज्ञाधारक,
इन्सोन

ता. क. १ : लिहायचं ते राहूनच गेलं. माईची जागा कुठे, हे आईला माझ्यासारख्या ड्रायव्हरने सांगून पटणार नाही, भिक्खूच्या तोंडून यावं लागेल. तर सोंगक्रानला तुम्ही या. गाडीच्या छताला आतून तुमच्या गुरूंनी काढलेले आशीर्वादाचे पांढरे ठिपके पार पुसले गेले आहेत, ते नव्याने काढायचे आहेतच. ठिपके काढताना हुकाकडे फक्त जरा जास्त वेळ बघावं. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही, तुमचे नियम मला ठाऊक आहेत. तुम्ही बघा आणि गप्प बसा, बोलायचं काय ते मी बोलतो. माझे नियम कमी आहेत.

ता. क. २ : तुईने तुम्हाला साष्टांग कळवला आहे आणि विचारलं आहे की पुढच्या सोडतीसाठी एखादा आकडा स्वप्नात वगैरे आला होता का. आला नसेल तर तुमचा तो जोड तो नव्याने देणार आहे.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा उघडलं. आज सकाळी मी गाडीत बसलो तर हार हुकाला होता. हुकाबद्दल मी अजून कोणाला काही बोललेलो नाही. हाराला हात लावून पाहिला, कोरडा. एकेक फूल फडक्याने टिपलेलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आई दारात उभी होती. म्हणाली, तुझा शर्ट धुताना खिशात ती हिरवी कळी सापडली. आणि त्या दिवशी हात जोडून वळले तेव्हा पपईमागून तुझा कप दिसला, तेवढं तुला लपायचं शिकायला हवं, असंही म्हणाली. मग काठी घरात ठेवून ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, चल, विहारात सोड. फुआंगमावशीला तिने मागे बसवलं.

तेव्हा तुम्हाला बोलवायला आता काही कारण उरलेलं नाही. वाटेत आई एवढंच म्हणाली, "थोरल्याला यातलं काही लिहू नकोस. त्याला कळलं ना माझ्या पाठीचं, तर तो सगळं सोडून धावत येईल."

म्हणून हे पाकीट मी आजच टपालात टाकतो आहे.